जिथे जिथे बुडाले म्हणालो

पौषातल्या त्या सकाळी सायकलच्या साखळीला करंजेल घालून मी चाक उलटं फिरवून पाहिलं, तेव्हा त्या कडू तेलाचा उग्र दर्प आणि दगडी गडग्यापलीकडच्या कलमांना नुकत्याच फुटलेल्या मोहोराचा गंध एकमेकांत असे काही मिसळले, की आज इतक्या वर्षांनंतरही मोहोर म्हटला की मला तेल आठवतं आणि तेल म्हटलं की मोहोर. जांभ्याच्या दगडांवर दव अजून सुकलं नव्हतं, माडांच्या झावळ्यांतून उतरणारं ऊन अंगणात तुकड्यातुकड्यांनी पसरलं होतं आणि खाली बंदराच्या बाजूला समुद्र इतका शांत होता, की या पाण्याने कोणाचं कधी काही बिघडवलं असेल यावर विश्वास बसू नये. मला त्याचा संताप आला. अकरा माणसं गिळून हा असा निवांत पडतो म्हणजे काय, असं मी त्याला मनातल्या मनात विचारलंही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. शाळेत मराठी शिकवत होतो आणि एकदा बोलायला लागलो की मला स्वतःलाच थांबवता येत नसे. हा दुर्गुण इथेच कबूल करून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. रत्नागिरीत बंदराच्या वाटेवर विश्राम तांडेलाच्या घराची एक पडवी मी भाड्याने घेतली होती. गलबत ज्याच्या शब्दावर चालतं तो तांडेल, आणि विश्रामचा शब्द दहा खलाशी वेदवाक्य मानत. दिवाळीनंतर तो मंगळूरहून कौलं भरून निघाला, आणि कार्तिकाच्या शेवटी आभाळ फाटल्यासारखं वादळ झालं. पुढेमागे निघालेली बाकीची गलबतं शिडं फाटलेल्या अवस्थेत का होईना, एकेक करून बंदराला लागली. विश्रामचं मात्र आलं नाही. वेंगुर्ल्याच्या पुढे एक मोडकी डोलकाठी वाहत आल्याची बातमी तेवढी आली, आणि गावाने मनातल्या मनात हिशेब मिटवला.

हिशेब मिटवला नव्हता तो त्या अकरा घरांनी. विश्रामची बायको जानकीवहिनी रोज सकाळी अंगण सारवून, कपाळभर कुंकू लावून काथ्याचा सुंभ वळायला बसे. तो विकून घरात तांदूळ येई, आणि तोही पुरेसा नाही हे मला भिंतीपलीकडून येणाऱ्या भांड्यांच्या आवाजावरून कळे. मिरकरवाड्यातल्या चार दालदी मुसलमान खलाशांच्या बायकांची तीच तऱ्हा. पण दर्यावरच्या माणसांची एक रीत आहे. देह हाती लागल्याशिवाय मरण मानायचं नाही. अकरांतल्या एकीनेही बांगडी उतरवली नव्हती. गावातल्या शहाण्या माणसांना तो वेडेपणा वाटे, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटे.

त्या घरांना मदत करायची म्हणून गावात सभा भरली, आणि सभेत मी उठून उभा राहिलो. सायकलवरून मुंबईला जाईन आणि वाटेतल्या प्रत्येक गावात झोळी पसरीन, असं बोलून बसलो. मागायला आलेल्या मास्तराला लोक 'उद्या या' म्हणतात, पण सायकलवरून मुंबईला निघालेला माणूस पाहायला गाव जमतं, आणि जमलेल्या गावाला 'उद्या या' म्हणता येत नाही, हा माझा युक्तिवाद. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी पनवेलपर्यंतच्या घाटांची उजळणी केली, आणि माझे पाय आपोआप दुखायला लागले.

निघताना जानकीवहिनी पडवीपाशी आली. हातातला सुंभ तिने खाली ठेवला नव्हता.

"मास्तर, पैसे मागा. भीक मागितलात तरी चालेल. पण बुडाले म्हणू नका. पत्ता नाय म्हणा."

"बरं, वहिनी."

"बरं नाय, शब्द द्या. पत्ता नाय आणि बुडाले, या दोन बोलांच्या मधे माझं कुंकू हाय."

मी शब्द दिला. तेव्हा तो पाळायचा हे माझ्या मनात अगदी प्रामाणिकपणे होतं.

हातखंब्यापर्यंतचा चढ मी अर्धा सायकलवर आणि अर्धा सायकलला माझ्यावर घेऊन काढला. पुढे रस्ता रुंदावला. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे खुंट, मळ्यांत रचलेल्या पेंढ्याच्या उडव्यांचा कोरडा, उबदार वास, आणि लाल धुळीवर पडत जाणारी माझ्या दोन चाकांची एकच रेघ. मन प्रसन्न होतं. पहिल्या गावात पारापाशी माणसं जमली, सायकलची घंटा चौघांनी वाजवून पाहिली, आणि मी दिल्या शब्दाला जागून सांगितलं, की गलबताचा पत्ता नाही. "येतील हो, येतील!" एक म्हातारबोवा माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले. "दर्यावरची माणसं ती. माझ्या मेहुण्याचा चुलता चार महिन्यांनी आला होता. तुम्ही काळजी करू नका, चहा घ्या." मी चहा घेतला. पुढच्या गावातही चहा घेतला, त्याच्या पुढच्या गावात चहाबरोबर फणसाचे तळलेले गरे खाल्ले. सगळ्यांनी मला धीर दिला, पैसा कोणीच दिला नाही. बरोबरच होतं त्यांचं. जी माणसं येणार आहेत त्यांच्यासाठी गळा काढायचा कशाला?

संगमेश्वराला दोन नद्यांचं पाणी संथपणे एकमेकांत शिरत होतं. बाजारात एका तांदळाच्या व्यापाऱ्याच्या ओसरीवर मी घामाने निथळत बसलो. ते गृहस्थ भले होते, पण तोंडाने फटकळ. माझं बोलणं त्यांनी पान लावता लावता ऐकलं आणि चुन्याचं बोट पुसत म्हणाले, "पत्ता नाही म्हणजे काय हो, मास्तर? आहेत की गेले, ते एकदा ठरवून या. आहेत तर आम्ही द्यायचं कशाला, आणि गेले तर तसं सांगायला लाज कसली?"

माझ्या डोळ्यांपुढे तीन गावांचा चहा आला, भिंतीपलीकडच्या रिकाम्या भांड्यांचा आवाज आला. आणि मी म्हणालो, "गेले. बुडाले सगळे."

 मग त्या गृहस्थांनी पान बाजूला ठेवलं, आत गेले, आणि बाहेर आले ते मूठ बांधूनच. शेजारच्या चार दुकानांतूनही माणसं आली. तासाभरात माझी पिशवी जड झाली आणि जीभ हलकी.

एकदा बांध फुटला की पाणी मागे हटत नाही. चिपळूणला मी वादळाचं वर्णन केलं, खेडला त्यात फुटणाऱ्या फळ्यांचा आवाज भरला, आणि महाडला तर विश्राम तांडेलाचे शेवटचे शब्द सांगताना माझा स्वतःचाच कंठ दाटून आला. 'सागराने नेलेलं सागर परत देत नाही' हे वाक्य मला कशेडीच्या घाटात सायकल ढकलताना सुचलं, आणि ते इतकं आवडलं की पुढे एकाही ठिकाणी मी ते वगळलं नाही. लोक रडत, मी नमस्कार करी, पुढे जाई. मी खोटं बोलत होतो असंही मला वाटत नव्हतं. वाटत होतं ते इतकंच, की जे सगळ्यांना ठाऊक आहे ते मी तेवढं चांगल्या भाषेत सांगतोय. जानकीवहिनीला दिलेला शब्द आठवे, पण 'पोटाला लागतं ते कुंकवाने भागत नाही' असं म्हणून मी त्याला गप्प बसवी. असलं वाक्य मनात तयार ठेवणाऱ्या माणसापासून चार हात लांबच राहावं, हे मला आता कळतं.

माणगावला तिन्हीसांजेला पोचलो. तुळशीपाशी दिवा नुकताच लागला होता, गोठ्यातून धुराचा आणि शेणाचा संमिश्र वास येत होता. मला उतरवून घेतलेल्या घरच्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. 'बुडाले' हा शब्द माझ्या तोंडून गेला मात्र, त्यांनी चटकन वर आढ्याकडे पाहिलं.

"अहो, दिवेलागणीला असं अभद्र बोलू नये," त्या कळवळून म्हणाल्या. "वास्तू तथास्तु म्हणते."

लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. आईने या वाक्यासाठी मला दोनदा धपाटा घातला होता. मी हसलो, शिकलेल्या माणसासारखा हसलो, आणि जेवायला बसलो. मोजू नये म्हटलं तरी मन मोजायला लागलं. संगमेश्वरची ओसरी, चिपळूणची तीन घरं, खेडची दोन, पोलादपूरचं एक, महाडची पाच. इतक्या छपरांखाली बसून मी अकरा माणसांना पुन्हा पुन्हा बुडवलं होतं, आणि त्यांतलं एखादं छप्पर जरी ऐकत असलं तरी? मी देवाधर्माच्या बाबतीत चोख सुधारक. पण भीती वाटायला लागली की माणसाची सुधारणा अंगरख्यासारखी खुंटीवर राहते. दुसऱ्या दिवसापासून मी कोणाच्या घरात पाऊल टाकीनासा झालो. अंगणात, पारावर, नदीच्या वाळवंटात, जिथे डोक्यावर नुसतं आभाळ असेल तिथेच बोलायचं. आभाळ तथास्तु म्हणत असल्याचं काही मी ऐकलं नव्हतं. लोकांना वाटे, मास्तर किती विनम्र, ओसरीवरसुद्धा चढत नाहीत.

पनवेलला सायकल मचव्यात चढवून मुंबई गाठली, गिरगावातल्या चाकरमान्यांच्या चाळी अंगणाअंगणातून फिरलो, आणि आठ दिवसांनी परतीच्या आगबोटीत सायकलीला टेकून बसलो. आयुष्यात एवढं यश मला कधी मिळालं नव्हतं आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. सबंध प्रवासभर मी जानकीवहिनीपुढे उभा राहण्याची तालीम करत होतो. रत्नागिरीला आगबोट खोल पाण्यात थांबली. माणसं न्यायला आलेले पडाव तिच्या अंगाला लागून वरखाली होत होते. सायकल दोराने खाली सोडली, आणि मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून पडावात उडी टाकायचा धीर गोळा करत असताना खालून एक हात पुढे आला. काळाकभिन्न, सालपटं निघालेला हात. त्याच्यामागे चेहरा होता विश्राम तांडेलाचा.

मी पुढे केलेला हात झटकन मागे घेतला.

"काय मास्तर," तो म्हणाला, "मयताला हात द्यायला भिता काय?"

मी हात दिला नाहीच, सरळ त्याच्या अंगावर पडलो. पडाव हिंदकळला, कोणाची तरी टोपली पाण्यात गेली, ती बाई मला लाखोली वाहायला लागली, आणि मी विश्रामच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडत होतो. त्याच्या अंगाला घामाचा, काथ्याचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता. छातीवर गेले कित्येक दिवस ठेवलेला धोंडा कोणी उचलून समुद्रात भिरकावला, असं मला झालं. "सगळे?" एवढंच मी विचारू शकलो. "सगळे," तो म्हणाला. "अकराच्या अकरा. रडू नका ओ, लोक म्हणतील तांडेल खराच मेला."

वादळाने डोलकाठी मोडली, सुकाणू गेलं, आणि वाहत वाहत गलबत लखदीवच्या एका बेटाला लागून फुटलं. बेटावरच्या माणसांनी त्यांना नारळ आणि मासे खाऊ घालून जगवलं, आणि काथ्या विकायला मंगळूरला निघालेल्या आपल्या होडीतून आणून सोडलं. मंगळूरहून त्यांची तार आली तेव्हा मी कुठल्यातरी नदीच्या वाळवंटात त्यांचे शेवटचे शब्द ऐकवत होतो.

जानकीवहिनी उंबऱ्यात उभी होती. संगमेश्वरहून बाजाराला आलेल्या गाडीवानाने माझे पराक्रम आधीच गावात पोचवले होते.

"शब्द दिलात ना, मास्तर?"

"दिला होता."

"घोव घरात आला म्हणून गप हाय. नायतर तुमची वळकटी त्या माडाखाली असती." मग तिचा आवाज जरा खाली आला. "आता असं करा. जिथे जिथे बुडाले म्हणालात, तिथे तिथे जावा, आणि आले म्हणून सांगा. ज्या घरात म्हणालात त्या घरात. एक पण सोडायचं नाय. तोवर माझ्या हातचं पाणी तुम्हाला नाय."

विश्राम तिच्या मागे उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता, की जा बाबा, मलाही दुसरा उपाय दिसत नाही.

माघात मी पुन्हा निघालो. मोहोराला आता बारीक कैऱ्यांच्या कण्या धरल्या होत्या, वाऱ्यात ऊब आली होती, आणि तेच चढ तीच सायकल जणू वेगळ्या पायांनी चढत होती. पहिल्या खेपेला मी प्रत्येक गावात शिरताना चेहरा पाडत असे. आता गाव दिसायच्या आधीच घंटा वाजवायला लागे. संगमेश्वरच्या त्या फटकळ गृहस्थांनी माझं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली. "अहो, आम्ही घरादाराने त्यांच्या नावाने आंघोळी केल्या! त्या गरम पाण्याचं काय?" मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं झालं. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात. तुमच्यापायी शंभरी गाठणार ते." पैसे परत घ्या म्हटल्यावर मात्र ते खवळले. "खलाशी आले, गलबत आलंय का? जिवंत माणसाला भूक लागत नाही काय?" एकाही गावाने पैसे परत घेतले नाहीत, आणि एकाही गावाने मला कडू शब्द बोलल्याशिवाय सोडलं नाही. दोन्ही मी आनंदाने घेतलं. माणगावच्या त्या बाईंनी तर आढ्याकडे पाहून आधी हात जोडले आणि मगच मला गूळपाणी दिलं.

पनवेलला न थांबता आधी मुंबई गाठली आणि गिरगावातल्या चाळींतही सांगून आलो. राहिलं पनवेल. पनवेलविषयी मी मघाशी काही बोललो नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. उघड्या आभाळाखालीच बोलायचा माझा नियम मी तिथे मोडला होता. बंदराजवळ एका बाईंची खानावळ होती. सगळे त्यांना आक्का म्हणत. पन्नाशीच्या पुढच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, कमी बोलणाऱ्या. दुपारच्या पंगतीत कोणीतरी सायकलीविषयी विचारलं, आणि वीसपंचवीस माणसं घास थांबवून ऐकताहेत हे पाहून मला छपराचं भान राहिलं नाही. इतकं सुंदर मी आधी कुठेच बोललो नव्हतो. सागराने नेलेलं सागर परत देत नाही हे वाक्य तिथे मी दोनदा म्हटलं. आक्का आमटीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कनवटीचं होतं ते माझ्या पिशवीत टाकलं होतं.

आताही दुपारच होती. आमसुलाच्या सारावर नुकतीच फोडणी पडली होती. मी पंगतीत बसलो आणि भात वाढून व्हायच्या आत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, की ती माणसं आली. अकराही. जिवंत. पंगतीत एकच गिल्ला झाला. मागच्या वेळी जे रडले होते त्यांतले दोघे आजही हजर होते, त्यांनी मला यथेच्छ शिव्या दिल्या. गलबला ओसरल्यावर आक्का माझ्यासमोर आल्या.

"सगळे आले?"

"सगळे, आक्का."

"किती दिवसांनी?"

"अडीच महिने झाले असतील."

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग पदराला हात पुसत, कोणा शेजारणीशी बोलावं तसं म्हणाल्या, "आमचे हे आफ्रिकेच्या बोटीवर गेले त्याला सव्वीस वर्षं झाली. बोट बुडाली म्हणतात. ह्यांचं कोणी काही सांगितलं नाही. रोज दुपारी पंगतीच्या शेवटी एक पान मांडत होते मी. लोकांना वाटायचं अतिथीचं आहे. त्या दिवशी तुम्ही बोललात ना, समुद्र परत देत नाही म्हणून? शिकलेला माणूस बोलतोय, खरंच असेल म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मांडलं नाही."

मला मान वर करता येईना. अकरा माणसांना मी कितीही वेळा बुडवलं तरी ती आपल्या नशिबाने तरली. पण इथे, या छपराखाली, माझं एक वाक्य सव्वीस वर्षं तरंगत असलेल्या माणसाला घेऊन गेलं होतं, आणि मी त्याला ओळखतही नव्हतो. काहीतरी बोलावं म्हणून शब्द शोधायला लागलो. जन्मभर न आटलेले शब्द तेव्हा सापडले नाहीत, हे एक बरं झालं.

आक्का आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात केळीचं एक पान होतं. माझ्या शेजारची जागा त्यांनी पाण्याने पुसली, पान मांडलं, मीठ, लिंबू, भात, वरण सगळं रीतीप्रमाणे वाढलं. मी त्यांना परत दिलं ते त्यांचं सुख होतं की त्यांचं ओझं, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. पडावात पडलो तेव्हा माझा झाला असेल, तसा तो मोकळा झाला होता.

तूप वाढून त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या." ते मला म्हटलं की शेजारच्या पानाला, हे पाहायला मी वर मान केली नाही. जरा सरकून त्या पानाला जागा करून दिली आणि जेवायला लागलो.